घरच्या सर्व्हरवर डॉकर: डेटा कुठे उडतो, आणि उडालाय असं वाटलं तर आधी काय बघायचं

ओसरी (धागाकर्ता)

डॉकर प्रत्येक ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवतो, आणि तो कंटेनर इमेज नावाच्या तयार साच्यातून उभा राहतो. घरच्या यंत्रावर नेक्स्टक्लाउड (फाइली), इमिच (फोटो), व्हॉल्टवॉर्डन (पासवर्ड), पेपरलेस (कागदपत्रं) वगैरे डॉकरमध्ये चालवणाऱ्यांकडून एकच प्रश्न सारखा येतो: कंटेनर अपडेट केला आणि ॲप कोरं झालं, आता काय? उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली आहेत, ती इथे एकत्र करू.

पायापासून सुरुवात करतो. कंटेनरच्या आत दिसणारी फाइल चारपैकी एका जागी असते, आणि ती कधी पुसली जाणार हे त्या जागेवरच ठरतं.

पहिली जागा म्हणजे कंटेनरचा स्वतःचा लिहिता थर. कुठलाही माउंट, म्हणजे बाहेरून जोडलेली जागा, दिला नसेल तर सगळं इथेच लिहिलं जातं. कंटेनर थांबवा, रीस्टार्ट करा, यंत्र बंद करून चालू करा, हा थर टिकतो. ‘डॉकर आरएम’ केलं की जातो. फसगत इथेच होते. महिनोन्‌महिने रीस्टार्ट होऊनही डेटा शाबूत दिसतो, म्हणून सगळं ठीक आहे असा समज होतो. पण अपडेट म्हणजे जुना कंटेनर काढून त्या जागी नवा उभा करणं. पहिल्या अपडेटलाच सगळं साफ.

दुसरी जागा बिननावी व्हॉल्यूम. व्हॉल्यूम म्हणजे कंटेनरच्या बाहेर डॉकर स्वतः सांभाळतो ती डेटाची जागा. इमेज बनवणाऱ्याने डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवण्याच्या कृतीत) ‘व्हॉल्यूम’ची ओळ लिहिलेली असते आणि आपण त्या जागी काहीच जोडलेलं नसतं. मग डॉकर स्वतःहून एक व्हॉल्यूम तयार करतो आणि त्याला आकडे आणि अक्षरं मिसळलेलं 64 अक्षरी नाव देतो.

तिसरी जागा नावाचा व्हॉल्यूम, चौथी बाइंड माउंट, म्हणजे यजमान यंत्रावरचं एखादं फोल्डर थेट कंटेनरमध्ये.

तुमचा कंटेनर यातलं काय वापरतो ते कम्पोज फाइल (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते जिच्यात लिहितो ती) वाचून ठरवू नका. ‘डॉकर इन्स्पेक्ट’ आणि कंटेनरचं नाव द्या, आणि ‘माउंट्स’ हा भाग बघा. प्रत्येक माउंटचा ‘टाइप’, ‘नेम’, ‘सोर्स’ आणि ‘डेस्टिनेशन’ तिथे असतो. नावाच्या जागी लांबलचक आकडा दिसला तर तो बिननावी. मग ‘डॉकर डिफ’ चालवा. लिहित्या थरात नवीन आलेल्या फाइलींपुढे ‘ए’, बदललेल्यांपुढे ‘सी’ आणि काढलेल्यांपुढे ‘डी’ असं अक्षर येतं. त्या यादीत ‘/डेटा’ किंवा ‘/कॉन्फिग’खाली ‘ए’च्या ओळी दिसल्या, तर कंटेनर काढण्याआधी ‘डॉकर सीपी’ने त्या बाहेर घ्या. कंटेनर थांबलेला असला तरी ‘सीपी’ चालतं.

‘डॉकर कमिट’ किंवा ‘डॉकर एक्स्पोर्ट’ करून ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. व्हॉल्यूममधला डेटा या दोन्हींत येत नाही.

घड्याळजी

चांगला धागा. कुठली कमांड काय पुसते ते लिहितो, कारण नावांवरून अंदाज बांधला की हमखास चुकतो.

‘डॉकर कम्पोज डाऊन’ कंटेनर आणि नेटवर्क काढतं. नावाचे व्हॉल्यूम राहतात, बाइंड माउंटला धक्का लागत नाही. बिननावी व्हॉल्यूम डिस्कवर राहतो, पण पुढच्या ‘अप’ला, म्हणजे परत सुरू करताना, नवा कंटेनर नवा बिननावी व्हॉल्यूम घेतो. डेटा आहे, पण ॲपला दिसत नाही.

आता हा फरक नीट बघा. ‘पुल’ करून (नवी इमेज उतरवून) थेट ‘अप -डी’ केलं तर कम्पोज जुन्या कंटेनरचा बिननावी व्हॉल्यूम नव्याला जोडून देतं. मध्ये ‘डाऊन’ केलं तर देत नाही. म्हणजे अपडेटची एक पद्धत वर्षभर चालते आणि दुसरी पहिल्याच वेळी ॲप कोरं करते, फाइल तीच असून! ‘अप’ला कॅपिटल ‘-व्ही’ दिला तरी बिननावी व्हॉल्यूम नवे घेतले जातात.

‘डाऊन -व्ही’ (हा लहान व्ही) फाइलमध्ये जाहीर केलेले नावाचे व्हॉल्यूमही पुसतं. काही विचारत नाही. ‘एक्स्टर्नल: ट्रू’ लिहिलेले व्हॉल्यूम तेवढे वाचतात.

‘डॉकर रन --आरएम’ कंटेनर संपताच त्याचा बिननावी व्हॉल्यूमही काढतं. ‘डॉकर आरएम -व्ही’ तेच करतं, आणि पोर्टेनरमध्ये (ब्राउझरमधून डॉकर हाताळायचं साधन) कंटेनर काढताना ‘नॉन-पर्सिस्टंट व्हॉल्यूम काढा’ अशा अर्थाचं जे बटण येतं तेही तेच.

‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ या साफसफाईच्या कमांडबद्दल जुनी माहिती अजून फिरते आहे. डॉकर इंजिन 23.0 पासून, म्हणजे 2023 पासून, नुसतं ‘व्हॉल्यूम प्रून’ फक्त न वापरात असलेले बिननावी व्हॉल्यूम काढतं. नावाचेही काढायला ‘-ए’ द्यावा लागतो. त्याआधीच्या आवृत्तीत नुसत्या कमांडनेही नावाचे व्हॉल्यूम जात. ‘सिस्टम प्रून’ व्हॉल्यूमला हात लावत नाही, ‘--व्हॉल्यूम्स’ दिल्यावर लावतं. आपल्याकडची आवृत्ती ‘डॉकर व्हर्जन’ने आधी बघून घ्यावी.

‘न वापरात’ याचा अर्थ ‘आत्ता कुठल्याही कंटेनरला, चालू किंवा थांबलेल्या, जोडलेला नाही’ एवढाच आहे. त्यात तुमची पाच वर्षांची कागदपत्रं आहेत का, हे डॉकर बघत नाही. त्यामुळे एखादं ॲप दुरुस्तीसाठी ‘डाऊन’ करून ठेवलेलं असताना साफसफाई करणं ही सगळ्यात धोक्याची वेळ. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) ‘कंटेनर प्रून’ आणि मागोमाग ‘व्हॉल्यूम प्रून -ए’ लावलं असेल तर आजच काढा. पहिली कमांड थांबलेले कंटेनर काढते, त्यामुळे त्यांचे व्हॉल्यूम मोकळे होतात आणि दुसरी ते पुसते. जागा हवी असेल तर ‘इमेज प्रून’ पुरतं. बहुतेक वेळा डिस्क जुन्या इमेजीच खातात. ‘डॉकर सिस्टम डीएफ -व्ही’ने खात्री करा. तिथे प्रत्येक व्हॉल्यूमचा आकार आणि तो किती कंटेनरना जोडलाय ते दिसतं.

अजून एक. कम्पोज फाइलमध्ये व्हॉल्यूमचे ड्रायव्हर-पर्याय बदलले तर नवं कम्पोज विचारतं की व्हॉल्यूम जुळत नाही, पुन्हा बनवू का, डेटा जाईल. स्क्रिप्टमध्ये ‘--येस’ टाकून ठेवलं असेल तर या प्रश्नालाही ‘हो’ जातं.

सुतळी

कम्पोजचं फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवलं, नावही जरा नीट केलं. ‘अप’ केल्यावर नेक्स्टक्लाउड ॲडमिन खातं बनवायचं पान दाखवतंय. ‘डाऊन -व्ही’ किंवा प्रून काहीही चालवलेलं नाही. डेटा गेला का?

कडीकोयंडा

@सुतळी, गेलेला नाही. ते पान भरू नका, ब्राउझर बंद करा आणि ‘डॉकर कम्पोज डाऊन’ करा, ‘-व्ही’ न देता.

कम्पोजमध्ये प्रोजेक्टचं नाव वेगळं दिलं नसेल तर ते फोल्डरच्या नावावरून ठरतं, आणि व्हॉल्यूमचं खरं नाव ‘प्रोजेक्ट_व्हॉल्यूम’ असं होतं. समजा, फोल्डर ‘क्लाउड’ होतं तेव्हा व्हॉल्यूम ‘क्लाउड_डीबी’ होता. फोल्डर ‘नेक्स्टक्लाउड’ केल्यावर कम्पोजने ‘नेक्स्टक्लाउड_डीबी’ नावाचा नवा, रिकामा व्हॉल्यूम बनवला. जुना जागेवरच आहे.

‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ करा, दोन्ही जोड्या दिसतील. कुठली जुनी याची शंका आली तर ‘डॉकर व्हॉल्यूम इन्स्पेक्ट’मध्ये कम्पोज प्रोजेक्टचं लेबल असतं, शिवाय आकारावरून कळतंच. मग कम्पोज फाइलच्या अगदी वर ‘नेम: क्लाउड’ ही ओळ टाका, म्हणजे जुनं प्रोजेक्टचं नाव, आणि ‘अप -डी’ करा. सगळं पूर्ववत दिसल्यावर, काही दिवस जाऊ देऊन, नवे रिकामे व्हॉल्यूम एकेक नाव देऊन ‘व्हॉल्यूम आरएम’ने काढा. इथे प्रून नको.

ही ‘नेम’ची ओळ प्रत्येकाने आपल्या प्रत्येक कम्पोज फाइलमध्ये टाकावी असं माझं ठाम मत आहे. उलटा प्रकार तर आणखी वाईट. दोन वेगळ्या ॲपच्या फाइली ‘/फोटो/डॉकर’ आणि ‘/नोट्स/डॉकर’ अशा ठेवल्या की दोन्हींच्या प्रोजेक्टचं नाव ‘डॉकर’. दोन्हींत ‘डीबी_डेटा’ व्हॉल्यूम असेल तर दोन ॲप एकाच व्हॉल्यूमवर बसतात. वर एका बाजूने ‘--रिमूव्ह-ऑर्फन्स’ दिलं की दुसऱ्याचे कंटेनर अनाथ समजून काढले जातात.

सुतळी

जुनं नाव टाकल्यावर सगळं परत आलं. मनापासून आभार. ‘नेम’ची ओळ बाकीच्या फाइलींतही टाकतोय.

पाणबुडी

बिननावी व्हॉल्यूमबद्दल सविस्तर लिहिणं गरजेचं आहे, कारण पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांचा डेटा सर्वांत जास्त तिथेच अडकतो.

अधिकृत पोस्टग्रेस इमेजमध्ये 17 पर्यंतच्या आवृत्त्यांत डेटाची जागा ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/डेटा’ आहे आणि इमेजने नेमक्या त्याच जागेवर व्हॉल्यूम जाहीर केलाय. तुम्ही तुमचा व्हॉल्यूम एक पायरी वर, ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल’वर जोडलात, तर तुमच्या व्हॉल्यूमच्या आत ‘डेटा’ या जागी डॉकर आणखी एक बिननावी व्हॉल्यूम चढवतो. डेटाबेस त्यात लिहितो. तुमच्या व्हॉल्यूममध्ये एक रिकामं ‘डेटा’ फोल्डर तेवढं दिसतं. सगळं उत्तम चालतं, पुढच्या ‘डाऊन’पर्यंत.

18 व्या आवृत्तीपासून इमेजने हे उलटं केलंय. आता व्हॉल्यूम ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल’वरच जोडायचा, आणि डेटा त्याच्या आत आवृत्तीच्या आकड्याच्या फोल्डरात जातो. म्हणून जुन्या लेखातली ओळ नव्या इमेजला किंवा नवी ओळ जुन्या इमेजला चिकटवू नका. इमेजचा टॅग (आवृत्तीची खूण) ‘लेटेस्ट’ ठेवू नका, ‘16’ किंवा ‘17’ असा आकडा लिहा. मोठी आवृत्ती बदलली की पोस्टग्रेस जुन्या फाइलींवर सुरूच होत नाही. लॉगमध्ये फाइली या आवृत्तीशी जुळत नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो डेटा गेलेला नसतो. टॅग परत जुना केला की चालू होतो. लोक घाबरून फोल्डर रिकामं करतात आणि मग तो खरोखर जातो.

हरवलेला व्हॉल्यूम असा शोधायचा:

1. प्रूनचे सगळे क्रॉन आणि आपोआप अपडेट करणारे कंटेनर आधी थांबवा.

2. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस -एफ डँगलिंग=ट्रू’ करा. कोणालाच न जोडलेल्या व्हॉल्यूमची यादी येईल.

3. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘/व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स’ खालच्या प्रत्येक ‘_डेटा’ फोल्डरचा आकार ‘डीयू -एसएच’ने बघा. नुकतंच तयार झालेलं कोरं पोस्टग्रेस साधारण 40 एमबीच्या आसपास असतं. त्याहून बरंच मोठं असेल ते आपलं असण्याची शक्यता जास्त.

4. आत ‘पीजी_व्हर्जन’ नावाची छोटी फाइल असते, तिच्यात मोठ्या आवृत्तीचा आकडा. मारियाडीबी डेटाबेस असेल तर ‘आयबीडेटा1’ फाइल दिसेल. एसक्यूलाइटवाल्या ॲपची ‘.डीबी’ किंवा ‘.एसक्यूलाइट3’.

5. सापडलेला व्हॉल्यूम थेट वापरू नका. नवा नावाचा व्हॉल्यूम बनवा आणि ‘सीपी -ए’ने त्यात प्रत घ्या. ‘-ए’ विसरलात तर फाइलींची मालकी बदलेल. पोस्टग्रेसच्या डेबियन इमेजमध्ये मालकाचा क्रमांक 999 असतो, अल्पाइनमध्ये 70. एकीकडचा डेटा दुसरीकडे लावला की परवानगी नाकारल्याचा लॉग येतो. दोन्हींत अक्षरक्रमाचे नियमही वेगळे असतात, त्यामुळे मजकुराचे इंडेक्स बिघडू शकतात. मूळ इमेज ज्या जातीची, त्याच जातीची घ्या.

6. त्या प्रतीवर त्याच मोठ्या आवृत्तीचा तात्पुरता कंटेनर चालवा, टेबलं बघा आणि लगेच ‘पीजी_डम्पऑल’ने डम्प (सगळ्या डेटाबेसची एका फाइलीतली प्रत) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग पुढचं.

चाळणी

‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ची यादीच पूर्ण रिकामी दिसत असेल तर एक शक्यता तपासा: यंत्रावर दोन डॉकर आहेत. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत बसवताना स्नॅपमधला डॉकर घेण्याचा पर्याय येतो. नंतर कोणी एपीटीने दुसरा बसवतो (स्नॅप आणि एपीटी हे उबुंटूत सॉफ्टवेअर बसवायचे दोन वेगळे मार्ग). स्नॅपवाल्याचा डेटा ‘/व्हार/स्नॅप/डॉकर’खाली असतो, रूटशिवाय चालवलेल्या डॉकरचा वापरकर्त्याच्या होममध्ये ‘.लोकल/शेअर/डॉकर’मध्ये. ‘डॉकर इन्फो’मधली ‘डॉकर रूट डिर’ ओळ बघितली की आपण कोणाशी बोलतोय ते कळतं.

आणि ‘डाऊन -व्ही’ लोक मुळात का चालवतात तेही लिहून ठेवतो. बहुतेकदा पासवर्डपायी. ‘पोस्टग्रेस_पासवर्ड’ हा पर्यावरण-चल (कंटेनरला बाहेरून दिलेली सेटिंग) फक्त पहिल्या वेळी, डेटाची जागा रिकामी असताना वाचला जातो. नंतर फाइलमध्ये बदलला तरी डेटाबेसमधला पासवर्ड जुनाच राहतो आणि ॲप ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणत बसतं. शोध घेतला की पहिलंच उत्तर येतं: व्हॉल्यूम पुसून परत चालू करा. ते उत्तर कोऱ्या चाचणी-यंत्रासाठी आहे, भरलेल्या सर्व्हरसाठी नाही.

करायचं ते असं: ‘डॉकर कम्पोज एक्झेक डीबी पीएसक्यूएल -यू’ आणि वापरकर्त्याचं नाव. अधिकृत इमेजमध्ये कंटेनरच्या आतून जोडणी केली तर पासवर्ड विचारला जात नाही. आत ‘ऑल्टर यूजर … पासवर्ड …’ चालवा, संपलं. सुरुवातीला चालणाऱ्या एसक्यूएल स्क्रिप्टांचंही तसंच. त्या रिकाम्या जागेवरच चालतात. नंतर हवं ते हाताने चालवा.

घड्याळजी

+१. हे वर चिकटवून ठेवायला हवं.

ओसरी

आता बाइंड माउंटची बाजू. इथे डॉकरच्या कमांडी डेटा पुसत नाहीत, म्हणून लोक निर्धास्त असतात. धोका वेगळीकडून येतो: डिस्क जागेवर नसताना कंटेनर सुरू होतो.

यूएसबी डिस्क किंवा नॅसचा (नेटवर्कवरच्या साठवण-यंत्राचा) शेअर ‘/एमएनटी/डेटा’वर बसतो, एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे बसवायची त्या फाइलीत) ‘नोफेल’ दिलेला असतो, म्हणजे डिस्क नसली तरी यंत्र सुरू होतं. वीज जाऊन आल्यावर डिस्क उशिरा जागी झाली किंवा झालीच नाही. डॉकर सुरू झाला. त्याला ‘/एमएनटी/डेटा/फोटो’ सापडलं नाही, त्याने रूटच्या मालकीचं रिकामं फोल्डर बनवलं आणि ॲपने त्यात कोरा डेटाबेस थाटला. दोन दिवस फोनमधले फोटो सिस्टमच्या छोट्या डिस्कवर जमत राहिले. मग कोणीतरी डिस्क माउंट केली आणि ते नवे फोटो माउंटच्या खाली झाकले गेले. त्यातून आधीच चालू असलेला कंटेनर जुन्या फोल्डराकडेच बघत राहतो, कारण यजमानावर नंतर केलेला माउंट मूळ सेटिंगमध्ये त्याच्यापर्यंत पोचत नाही. कंटेनर रीस्टार्ट करावा लागतो.

झाकलेल्या फाइली बघायच्या तर रूट फाइलसिस्टम दुसरीकडे जोडा: ‘माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ’, आणि ‘/एमएनटी/मूळ/एमएनटी/डेटा’मध्ये जाऊन बघा. तिथून हलवा.

हे होऊच नये म्हणून तीन गोष्टी, तिन्ही करा.

‘सिस्टमसीटीएल एडिट डॉकर.सर्व्हिस’ करून ‘यूनिट’ विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/डेटा’ लिहा. डिस्क बसल्याशिवाय डॉकर सुरूच होणार नाही.

डिस्क काढलेली असताना रिकाम्या ‘/एमएनटी/डेटा’वर ‘सीएचॲटर +आय’ करा. मग तिथे रूटलाही काही लिहिता येत नाही. डिस्क वर बसली की या खुणेचा त्रास होत नाही.

कम्पोजमध्ये माउंट लांब पद्धतीने लिहा आणि ‘बाइंड’खाली ‘क्रिएट_होस्ट_पाथ: फॉल्स’ द्या. फोल्डर नसेल तर कंटेनर चुकीचा सुरू होण्याऐवजी त्रुटी देऊन थांबेल. ‘डॉकर रन’मध्ये ‘-व्ही’ऐवजी ‘--माउंट’ वापरलं की हेच होतं.

या प्रकारातला खरा घात बॅकअपमध्ये होतो. रात्रीची ‘आरसिंक --डिलीट’ (मूळ जागी नसलेलं प्रतीतूनही पुसणारी नक्कल) रिकाम्या माउंटवरून चालली तर ती पलीकडची चांगली प्रतही रिकामी करते, आणि कामगिरी यशस्वी झाल्याचं कळवते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/डेटा’ तपासा, नसेल तर बाहेर पडा. शिवाय ‘--मॅक्स-डिलीट’ला एक वाजवी आकडा द्या.

कडीकोयंडा

याच कारणासाठी मी डेटाबेससाठी नावाचे व्हॉल्यूम सुचवतो आणि फोटो, कागदपत्रं अशा मोठ्या फाइलींसाठी बाइंड माउंट. डेटाबेस सिस्टमच्या एसएसडीवर, डॉकरच्या ताब्यात. मालकीचे घोळ होत नाहीत, माउंटची भानगड नाही.

पाणबुडी

@कडीकोयंडा, अंशतः असहमत. नावाचा व्हॉल्यूम एका ‘-व्ही’ने जातो, बाइंड माउंट जात नाही. घरच्या सर्व्हरवर कमांड देणारा माणूस एकच, तोही रात्री थकून बसलेला. त्याच्या हातून ‘डाऊन -व्ही’ होण्याची शक्यता डिस्क न बसण्यापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. नावाचाच व्हॉल्यूम हवा असेल तर तो ‘डॉकर व्हॉल्यूम क्रिएट’ने आधी हाताने बनवा आणि फाइलमध्ये ‘एक्स्टर्नल: ट्रू’ लिहा. मग ‘डाऊन -व्ही’ त्याला शिवत नाही, आणि फोल्डरचं नाव बदलल्याचा घोळही मिटतो.

कडीकोयंडा

‘एक्स्टर्नल’चा मुद्दा मान्य. फक्त ‘व्हॉल्यूम प्रून -ए’पासून तोही वाचत नाही, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

सुतळी

एक शंका. बाइंड माउंटचं फोल्डरच ‘आरएम -आरएफ’ने गेलं, आणि कंटेनर अजून चालू आहे. सगळीकडे सल्ला एकच, ताबडतोब सगळं बंद करा. बरोबर आहे का?

पाणबुडी

या एका स्थितीत नाही. कंटेनर थांबवू नका.

लिनक्समध्ये एखाद्या प्रोसेसने फाइल उघडी धरली असेल तर नाव पुसलं तरी मजकूर डिस्कवर राहतो, ती प्रोसेस फाइल सोडेपर्यंत. कंटेनर थांबवलात की शेवटचा धागा सुटतो. म्हणून ‘डॉकर पॉज’ करा. त्याने प्रोसेस गोठते, पण फाइली उघड्याच राहतात, आणि प्रत घेताना कोणी मध्ये लिहीत नाही.

यजमान यंत्रावरचा प्रोसेस क्रमांक ‘डॉकर टॉप’मध्ये मिळतो. मग रूट होऊन ‘एलएस -एल /प्रॉक/क्रमांक/एफडी’ करा. पुसलेल्या फाइलींपुढे ‘डिलीटेड’ लिहिलेलं असतं. समजा 12 क्रमांकापुढे व्हॉल्टवॉर्डनची ‘डीबी.एसक्यूलाइट3’ आहे आणि 13 पुढे तिचीच ‘-वॉल’ फाइल. ‘सीपी’ने दोन्ही वेगळ्या डिस्कवर, मूळ नावांनीच, एका फोल्डरात घ्या. ‘-वॉल’ सोडलीत तर शेवटच्या नोंदी जातील. नंतर त्या प्रतीची आणखी एक प्रत काढून तिच्यावर ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ चालवा, ‘ओके’ आलं की झालं.

एसक्यूलाइटसाठी हे फार चांगलं चालतं. पोस्टग्रेसमध्ये फाइली अनेक आणि वेगवेगळ्या प्रोसेसांकडे थोड्याथोड्या उघड्या असतात, त्यामुळे पूर्ण संच मिळेल याचा भरवसा नाही. फोटो, पीडीएफ यांना यातून काही मिळत नाही, कारण ते कोणी उघडे धरून बसत नाही.

घड्याळजी

आणि उघडं काहीच नसेल, म्हणजे व्हॉल्यूम ‘डाऊन -व्ही’ने गेला असेल, तर मात्र जुना सल्ला लागू: लिहिणं थांबवा. डॉकर बंद करा आणि लगोलग ‘सिस्टमसीटीएल स्टॉप एफएसट्रिम.टायमर’. लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रोंत (आवृत्त्यांत) हा टायमर आठवड्यातून एकदा एसएसडीला रिकामे भाग कळवतो. त्यानंतर तिथलं सहसा काही परत येत नाही. एफएसटॅबमध्ये ‘डिस्कार्ड’ असेल तर ते पुसतानाच कळवलं जातं, आशा जवळपास नाही.

डेटा सिस्टमच्याच डिस्कवर होता तर यंत्र बंद करून लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा. ‘डीडीरेस्क्यू’ने पार्टिशनची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि प्रयोग त्या प्रतिमेवर करा. ईएक्सटी4 असेल तर ‘एक्स्टअनडिलीट’ किंवा ‘ईएक्सटी4मॅजिक’ जर्नलच्या आधारे नावांसकट काही परत देऊ शकतात. ‘फोटोरेक’ नावं देत नाही पण फोटो, पीडीएफ ओळखून काढतं. डेटाबेस यातून सलग निघणं अवघड. बीटीआरएफएस किंवा झेडएफएसवर स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. त्यामुळे ती फाइलसिस्टम असलेल्यांनी प्रत्येक अपडेटआधी स्नॅपशॉट घ्यावाच, काही सेकंदांचं काम आहे.

चाळणी

बॅकअपबद्दल थोडं. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करणं हा बॅकअप नाही. कॉपी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत डेटाबेस लिहीत असतो, अर्ध्या फाइली आधीच्या क्षणाच्या आणि अर्ध्या नंतरच्या. पोस्टग्रेसला ‘पीजी_डम्पऑल’ (वापरकर्तेही येतात), मारियाडीबीला ‘मारियाडीबी-डम्प --सिंगल-ट्रान्झॅक्शन’, एसक्यूलाइटला ‘.बॅकअप’. नाहीतर कंटेनर थांबवून टार.

डम्पच्या स्क्रिप्टमध्ये दोन खोड्या आहेत. ‘कम्पोज एक्झेक’ला ‘-टी’ (कॅपिटल) द्या. नाहीतर आभासी टर्मिनल मध्ये येतं, ओळींच्या शेवटी जादा अक्षर घुसतं आणि डम्प खराब होतो. दुसरी: डम्प पाइपने थेट ‘जीझिप’मध्ये (फाइल दाबून लहान करणारं साधन) सोडला आणि डम्प पहिल्याच ओळीला अयशस्वी झाला, तरी ‘जीझिप’ आपलं काम करून यश कळवतं. रोज नवी फाइल तयार होते, तारीख बरोबर, आकार 20 बाइट. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल तेवढी होते. स्क्रिप्टमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ लावा आणि फाइलचा आकार किमान मर्यादेशी ताडून बघा. जुन्या प्रती पुसण्याचं काम ही तपासणी पार पडल्यावरच चालू द्या, नाहीतर आठवड्याभरात सात रिकाम्या फाइली उरतात आणि चांगली एकही नाही.

ॲपवार: व्हॉल्टवॉर्डनचं पूर्ण ‘डेटा’ फोल्डर हवं, डेटाबेसबरोबर ‘अटॅचमेंट्स’ आणि ‘आरएसए_की’सुद्धा. इमिच रोज स्वतःच डेटाबेसचा डम्प अपलोडच्या जागेतल्या ‘बॅकअप्स’ फोल्डरात टाकतं आणि मूळ सेटिंगमध्ये शेवटचे 14 ठेवतं, पण फोटो त्यात नसतात. पेपरलेसला ‘डॉक्युमेंट_एक्स्पोर्टर’ आहे, तो वापरा. नेक्स्टक्लाउडला डेटा, डेटाबेस आणि ‘कॉन्फिग.पीएचपी’ तिन्ही लागतात. फक्त डेटाबेस गेला असेल तर फाइली ‘डेटा’खाली वापरकर्त्याच्या नावाने जशाच्या तशा असतात. त्याच नावाची खाती बनवून ‘ओसीसी फाइल्स:स्कॅन --ऑल’ केलं की दिसू लागतात. शेअर केलेले दुवे, टॅग, कॅलेंडर मात्र डेटाबेसबरोबर गेले. सर्व्हरच्या बाजूचं एन्क्रिप्शन चालू केलं असेल तर हा मार्ग बंद.

सुतळी

बॅकअप परत चालतो का हे त्याच यंत्रावर, चालू ॲपला धक्का न लावता तपासता येईल का? ‘कम्पोज -पी चाचणी’ असं वेगळं प्रोजेक्टचं नाव देऊन?

कडीकोयंडा

येईल, पण आधी ‘डॉकर कम्पोज -पी चाचणी कॉन्फिग’ चालवा आणि शेवटचा व्हॉल्यूमचा भाग ओळ न ओळ वाचा. प्रत्येक व्हॉल्यूमचं अंतिम नाव तिथे छापून येतं. ‘चाचणी_’ने सुरू होत असेल तर ठीक. फाइलमध्ये व्हॉल्यूमखाली पक्कं ‘नेम’ किंवा ‘एक्स्टर्नल’ लिहिलेलं असेल, तर ‘-पी’चा त्यावर परिणाम होत नाही आणि चाचणीचा कंटेनर थेट खऱ्या व्हॉल्यूमवर बसतो. एकाच वेळी दोन पोस्टग्रेस एका डेटावर चालले तर तो बिघडतो. ‘/एमएनटी/डेटा’सारख्या पूर्ण मार्गाच्या बाइंड माउंटचंही तेच. आणि पक्क्या ‘नेम’वाला व्हॉल्यूम चाचणी संपल्यावर केलेल्या ‘डाऊन -व्ही’मध्ये पुसला जाऊ शकतो, खरं ॲप त्या वेळी ‘डाऊन’ असेल तर.

म्हणून चाचणीसाठी फाइलची वेगळी प्रत घ्या. तिच्यात व्हॉल्यूमची पक्की नावं काढा, मार्ग वेगळ्या फोल्डराकडे वळवा, ‘कंटेनर_नेम’च्या ओळी काढा, पोर्ट बदला. परत ‘कॉन्फिग’ बघा. मगच डम्प भरा आणि ‘अप’ करा.